पांढरा पट्टा

रोपवाटिकेतल्या मावशींना झाडं नेमकी कळत होती. माणसांच्या बाबतीत त्यांचा अंदाज कायम चुकायचा. सव्वीस वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं, ‘भराभर वाढेल ते लावा’, तेव्हा टेकडीभर सुबाभूळ पेरायला त्याच होत्या. सुबाभूळ अशी माजली की खाली गवताचं पातं उरलं नाही. पण त्याच वेळी मावशींनी गुपचूप तिच्यात अकरा शिरीष घुसडले, दोन कोरडे उन्हाळे डोक्यावरून हंडे नेऊन जगवले. पोटची पोरं आता विचारत नव्हती. हे अकरा तेवढे त्यांचे होते.

यंदा नवे साहेब आले आणि सुबाभळीच्या मुळावर उठले.

“साहेब, शिरीष वाचतील ना? लांबून दोघांची पानं सारखीच दिसतात,” मावशी म्हणाल्या.

“मग तुम्हीच खुणा करून ठेवा की! तुमच्याइतकं कोणाला कळतंय?”

मावशी हरखल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांना किंमत दिली होती. सुबाभळीच्या शेंगा अरुंद, तपकिरी, झुबक्यांनी लोंबणाऱ्या. शिरीषाच्या रुंद, पिवळट, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. चुकायचा प्रश्नच नव्हता. चुन्याची बादली घेऊन त्यांनी अकरा बुंध्यांना पांढरे पट्टे ओढले. या रोपवाटिकेत पट्ट्याचा अर्थ पहिल्यापासून एकच, हात लावायचा नाही. साहेबांच्या आधीच्या कचेरीत मात्र पट्टा म्हणजे तोड, आणि मजुरांना त्यांनी तसंच बजावलं. मावशींना सांगायचं त्यांना सुचलं नाही, मावशींनीही विचारलं नाही. अकराच झाडं कशी, असं मुकादमानंही विचारलं नाही. कमी काम कुणाला नको असतं?

दुसऱ्या दिवशी मावशी टेकडीवर पोहोचल्या. सुबाभूळ जशीच्या तशी डोलत होती. शिरीष तेवढे आडवे झाले होते.

मावशी एका बुंध्यावर हात ठेवून पुटपुटल्या, “फुटतील पुन्हा. शिरीष चिवट असतो.”

“फुटतात कसले!” मुकादम जवळ येत म्हणाला. “ताज्या कापावर औषध चोपडलंय, झाड मुळापर्यंत मरतं. एरवी हे औषधाचं काम आम्ही टाळतो हो, खोटं कशाला बोलू. पण मावशी, खुणा तुमच्या म्हटल्यावर एक बुंधा सोडला नाही.”

मावशींना त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. तो मात्र शाबासकीची वाट पाहत उभा होता.