सोयरीक आणि कारबोरेटर

आमच्या साडूंना देवाने दोन कान दिले, एक माणसांसाठी आणि एक मोटारसायकलीसाठी, असे कोणी म्हणाले तर मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करीन. दोन्ही कान मोटारसायकलीसाठीच होते. माणसांचे जे काही त्यांना ऐकू येई ते चुकून, मोटारसायकल बंद असताना. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरायचे आणि शेतांमधल्या पांदणीच्या वाटेने चालत सुटायचे, की ज्या गावात कुत्री भुंकण्याआधी इंजिनाची धडधड ऐकू येई ते त्यांचे गाव. घरी शेती होती, दोन बैलजोड्या होत्या, पाणी असलेली विहीर होती. पण कोणी शेतीपाण्याची चौकशी केली की साडू म्हणत, "हाय की, चाललंय," आणि गाडीची चौकशी केली की उठून धोतराचा सोगा खोचत.

ही गाडी साधी नव्हे. सिकंदराबादेला मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, झाला होता. त्यातल्या काही मोटारसायकली एका व्यापाऱ्याने आमच्या जिल्ह्यात आणून विकल्या. डोंगरातून, दगडधोंड्यांतून, नदीच्या पात्रातून चालवायला बनवलेली ती चीज. उंची एवढी, की साडूंना बसण्यासाठी आधी ओट्याशेजारी लावावी लागे. आमच्याकडे डोंगर नाहीत, पण काळी माती आहे. ज्याने पावसाळ्यात आमची काळी माती पाहिलेली नाही त्याला ती सांगून समजणार नाही. तिच्यात पाय टाकला की बूट तिथेच राहतो आणि पाय एकटा घरी येतो. साध्या फटफट्या तिच्यात चाक घालून मुकाट्याने बसून राहत. साडूंची गाडी मात्र अंगभर चिखल उडवत, ओरडत, पण पलीकडे जात असे.

अशा गाड्यांचे मालक जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांची आपसांत एक वेगळीच जमात झाली होती. गाडीबरोबर कसलेही पुस्तक आले नव्हते. जे काही ज्ञान होते ते या तोंडून त्या तोंडी गेलेले. शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले की देवळाबाहेर ही मंडळी भेटत आणि दर्शनापेक्षा जास्त वेळ तिथेच उकिडवी बसत. त्यांचा एक रिवाज होता. विचारलेला सल्ला नाकारायचा नाही, आणि नुसता सल्ला देऊन निघूनही जायचे नाही. ज्याने तोंड उघडले त्याने पाना हातात घ्यायचा. या रिवाजापायी किती जणांची गाडी धडधाकट आली आणि बैलगाडीत घालून परत गेली ते त्या नरसिंहालाच माहीत. पण त्यावरून कोणी कोणाशी भांडला नाही.

साडूंचे स्वतःचे सल्ले तर अजब होते. चेनला बाजारातले ग्रीस लावायचे नाही, घाण्यावरचे करडीचे तेल लावायचे. कापसाच्या दिवसांत हवेत तंतू उडतात म्हणून हवा जिथून आत जाते तिथे जुन्या सुती पातळाचा तुकडा बांधायचा. तुकडा जुन्या पातळाचा, हे ते लोकांना सांगत. घरी मात्र हाताला लागेल त्या पातळाचा फाडत, आणि आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, ऐन सणाला ट्रंकेसमोर कपाळाला हात लावून बसत. मडगार्डात चिखल भरला की तो काढायला स्वयंपाकघरातले उलथने. त्या घरात थालीपीठ सुरीने उलटत असत. आणि इंजिनाच्या जोडात घालायचे गॅस्केट लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे. लग्नसराईत कोणाची पत्रिका आली की साडू आधी ती दोन बोटांत धरून वाकवून पाहत. एकदा मी त्यांच्या हातात आमच्या पुतण्याची पत्रिका दिली, तर नवरा-नवरीची नावे न वाचताच म्हणाले, "गुरुजी, लय पातळ हाय वो. ही तेल धरायची न्हाई."

मला ते गुरुजी म्हणत, कारण मी परभणीला शाळेत शिकवत असे. माझ्याकडे सायकल होती, तिच्याबद्दल त्यांना दया वाटे. माणसाचे दुखणेही ते गाडीच्याच हिशेबाने ओळखत. एका हिवाळ्यात मला खोकला झाला होता. त्यांनी स्क्रू पिळायचा लांब पेचकस काढला, त्याचे टोक माझ्या छातीला आणि मूठ आपल्या कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकले. "हवा कमी पडायलीय," ते म्हणाले. "उघड्यावर निजा." मी उघड्यावर निजलो आणि खोकल्याबरोबर तापही आला. पुढच्या भेटीत मी तक्रार केली, तर ते गंभीरपणे म्हणाले, "मग टायमिंग असंल."

हे सगळे हसण्यावारी गेले असते, पण सुमन लग्नाची झाली. सुमन म्हणजे साडूंची एकुलती एक लेक. समजूतदार, कामाची आणि बापासारखीच सरळ बोलणारी. तिला पाहायला पहिले पाहुणे जीपमधून आले. चहा होईपर्यंत साडूंनी जीपचे बॉनेट उघडले होते आणि नवऱ्या मुलाच्या चुलत्यांचा पांढरा सदरा त्यात कायमचा रंगून गेला. दुसऱ्या पाहुण्यांकडे साधी फटफटी होती. तिची सुकलेली चेन पाहून साडू भर बैठकीत म्हणाले, "ज्याला चेनला तेल घालायची याद न्हाई, त्यानं घरच्या माणसाला जेवलास का म्हून तरी कवा इचारलं असंल?" पाहुणे सुपारी न घेताच उठले. गावात कुजबुज सुरू झाली, की पोरगी चांगली आहे, पण बाप पाना घेऊन बसतो.

तिसरे स्थळ पोखर्णीच्या पलीकडच्या एका गावचे आले. हा मुलगा सुमनने एका नात्यातल्या लग्नात पाहिला होता आणि तो तिला आवडला होता. हे तिने फक्त आपल्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितले. बायकोने ते मला सांगितले आणि वर बजावले, "दाजींना सांभाळा. हे स्थळ गेलं तर पोर मनातनं खचंल." अक्कांनी साडूंना देवासमोर उभे करून शपथ घ्यायला लावली, की पाहुण्यांच्या गाडीला हात लावणार नाही आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. साडूंनी शपथ घेतली. त्यांचेही लेकीवर जीवापाड प्रेम होते. फक्त गाडी दिसली की त्यांना दुसरे काही आठवत नसे, एवढेच. पाहुणे एस.टी.ने येणार होते, त्यामुळे आम्ही तसे निर्धास्त होतो.

पण ती विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षे होती. कोणत्या दिवशी बंद पुकारला जाईल आणि एस.टी. आगारातच उभी राहील याचा नेम नसे. त्या दिवशी नेमका बंद होता. दिवाळी होऊन गेली होती, आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून पांदणीचा चिखल झाला होता. आता पाहुणे काही येत नाहीत असे आम्ही धरून चाललो असताना साडू ओट्यावरून ताडकन उठले. आम्हाला कोणालाच काही ऐकू आले नव्हते. "आपलीच गाडी हाय," ते म्हणाले. "म्हंजे आपल्यासारखीच. नाल्याच्या पल्याड हाय. आन् तिला पेट्रोल जास्ती व्हायलंय."

पाहुणे आले ते त्याच हर्रासातल्या गाडीवर. पुढे मुलाचे वडील, मागे मुलगा, दोघेही गुडघ्यापर्यंत काळे. गाडी दारात आली, दोनदा खोकली आणि बंद पडली. साडूंनी डोळे मिटून घेतले. हातपाय धुणे झाले, बैठक झाली, चहा आला. साडू भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी त्यांच्या धोतराचा कोपरा मांडीखाली दाबून धरला होता. मुलाच्या वडिलांनी विचारले, "औंदा मूग कसा झाला?" साडू म्हणाले, "बरा." त्यांनी विचारले, "विहिरीला पाणी?" साडू म्हणाले, "हाय." मला वाटले, निभावले. मग मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि सहज म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडं बी हीच गाडी हाय म्हणं. आमची लय गुदमरायलीय. काय असंल वो?"

आता विचारलेला सल्ला नाकारायचा नाही हा रिवाज, आणि चकार शब्द काढायचा नाही ही शपथ. साडूंनी माझ्याकडे पाहिले. इतके केविलवाणे तोंड मी आयुष्यात पाहिले नाही. दाराआड अक्कांच्या बांगड्या वाजल्या, त्याचा अर्थ स्पष्ट होता. तेवढ्यात पोह्यांच्या बशा घेऊन सुमन बाहेर आली. तिने बापाकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "बघा की बाबा. आडल्याली गाडी घेऊन पाव्हणे जातील कसे?" तिचे वाक्य संपायच्या आत माझ्या मांडीखालचे धोतर निसटले होते.

अंगणात एकीकडे मुगाचे वाळवण घातले होते. त्याच्या कडेलाच बसून साडूंनी कारबोरेटर उतरवला आणि आतली पितळी सुई काढली. त्या मुगासारखीच बारीक, पण पेट्रोल अडवते ती तीच. ती आधी उजेडाकडे धरून पाहायची आणि मग धोतराला पुसायची, असा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यांनी ती जोरात पुसली आणि सुई उडून मुगात पडली.

मग जे झाले ते कोणत्याही पाहण्याच्या कार्यक्रमात झाले नसेल. मुलाचे वडील, साडू, मी, आम्ही सगळे वाळवणावर ओणवे झालो. अक्का पाहुण्यांसमोर यायचे नसते हे विसरून सूप घेऊन आल्या. सुमनने चाळणी धरली आणि तिच्यात मूग ओतायला पुढे झाला तो मुलगाच. एरवी त्या दोघांना एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. आता चाळणीच्या अल्याडपल्याड ती बोलत होती, तो बोलत होता, मध्येच दोघे हसत होती आणि मूग चाळणीबाहेर सांडत होते. सुई काही सापडली नाही. ती पुढे मला सापडली, अक्कांच्या हातची मुगाची खिचडी खाताना, दाताखाली.

ऊन कलायला लागले. पाहुण्यांना अंधाराआधी पोखर्णीची वाट धरायची होती. साडूंनी आपल्या गाडीची सुई काढून घालून पाहिली, पण सुईच्या झिजलेल्या घरात दुसऱ्याची सुई नीट बसेना, पेट्रोल गळू लागले. मुलाच्या वडिलांचे तोंड उतरले. मला जुने पाहुणे आठवले. माझी बायको दारात उभी राहून माझ्याकडे असे बघत होती की जणू मीच सुई गिळली होती. मग साडू उठले, आपल्या गाडीचा अख्खा कारबोरेटर उतरवला आणि पाहुण्यांच्या गाडीला बसवला. आजवर त्यांनी कोणाला वायसरची एक चकतीसुद्धा दिली नव्हती.

मुलाच्या वडिलांनी किक मारली. पहिल्याच किकेला गाडी अशी बोलू लागली की गल्लीतली पोरे धावत आली. पाहुण्यांनी कान देऊन ऐकले आणि साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज लय गोड झाला," ते म्हणाले. "आता पुढलं बोलणं कवा करायचं ते सांगा. पोरगं तर मूग चाळतानाच हो म्हणलंय." अक्का हातातल्या सुपासकट ओट्यावर बसल्या. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. आणि मला एवढे हलके वाटले, की मी उगाचच त्या गाडीला मागून धक्का दिला, जरी ती चालू होती.

लग्न झाले. माझ्या दाताखाली आलेली सुई धुऊन साडूंनी पाहुण्यांच्या जुन्या कारबोरेटरमध्ये घातली. तो लावून साडूंची स्वतःची गाडी चालू झाली, पण तिला जन्माचा खोकला लागला. पोखर्णीची मंडळी त्यांना म्हणत, आता सोयरे झालात, आपली वस्तू मागून घ्या की. साडू ऐकत नसत. एकदा मीही म्हणालो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "राहू द्या गुरुजी. पोरीच्या दारात चांगली गाडी पायजे. कवा नड पडली तर आडायला नको." मला वाटते, त्यांच्या सगळ्या सल्ल्यांत मला पटलेला तो एकच.

नंतर सुमन माहेराला येई तेव्हा साडूंना आधी कळे. गाडी नाल्याच्या पलीकडे असतानाच ते आत ओरडत, "पाणी ठिवा, सुमी आली." आवाज त्यांच्याच कारबोरेटरचा होता, ते ओळखणारच. अशी बरीच वर्षे गेली. मग पांदणीचा रस्ता झाला, डांबर आले, नव्या हलक्या गाड्या आल्या आणि जावयाने ती जुनी गाडी काढून टाकली. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. त्यांचे चांगले चालले होते.

नवी गाडी घेऊन सुमन पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथेच होतो. साडू ओट्यावर बसले होते, मान नाल्याकडे वळवून. गाडी दारात येऊन थांबली, सुमन उतरून अंगणात आली, तरी ते तिकडेच बघत होते. तिने हाक मारली तेव्हा दचकले.

"कवा आलीस गं?" ते म्हणाले. "मी आपला कान लावून बसलो हुतो. आवाजच न्हाई आला."

"नव्या गाडीला आवाज नसतो बाबा," सुमन म्हणाली. "पर मी आले की नाही?"

साडूंनी तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. नंतर मान हलवली आणि शेजारची जागा हाताने झटकून दिली. ती तिथे बसली. त्या दिवशी साडूंनी दारातल्या गाडीकडे एकदाही पाहिले नाही.