आबाच्या अंगणात वळणारी गाडी

आबा गेल्याची बातमी मला एस्टीने दिली. देवगडहून येणारी गाडी तळेऱ्याच्या अलीकडे सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या, कॉलेजपर्यंत चढते. त्या दिवशी ती चढणीच्या पायथ्याशीच थांबली. "उतरा सगळे. आबा काल गेले. वर गाडी मागे घेताना सांगूक कोण नाय," कंडक्टर म्हणाला. पोरी दप्तरं सावरत चालू लागल्या. मीही निघालो... गुडघे माझे आधीच गेलेले, आता हा दोस्तही गेला.

कॉलेजचा शेवटचा थांबा म्हणजे आबाचं अंगण, आणि त्याचं श्रेय माझ्या अकलेला. सड्यावर कॉलेज झालं तेव्हा मी ठेकेदाराचा सुपरवायझर. गाडी वळवायची जागा आखायचं काम माझ्याकडे. कॉलेजच्या फाटकासमोरचा तुकडा मी स्कूटरवरून गोल फेरी मारून पास केला. पहिली गाडी आली, हार-नारळ झाले आणि वळताना ती समोरच्या आबाच्या गडग्याला, जांभ्या दगडाच्या कुंपणाला, नाक लावून अडकली. "ह्या माका जमाचा नाय," ड्रायव्हर म्हणाला, "उद्यापासून गाडी खालीच रवतली." ती ओसाड चढण संध्याकाळी उतरायची म्हटल्यावर लांबच्या गावांतून पोरींना कोण पाठवणार होतं? हे आबाला सगळ्यांत जास्त कळत होतं. त्याची लेक सुमन गाडी नाही म्हणूनच दहावीनंतर घरी बसली. कॉलेज दारात आलं तोवर तिचं वय निघून गेलं होतं.

आबा घरातून पहार घेऊन आला आणि स्वतःचाच गडगा फोडू लागला.

"अरे, कुंपण तुझं..." मी म्हटलं.

"इंजिनेरा, तू गप रव. तुझी स्कूटर वळली मा? आता एस्टी वळांदे."

तेव्हापासून गाडी तुळशीशेजारी मागे यायची आणि आबा ओरडायचा, "येवंदे... येवंदे... रव!" जेवणावरून उठून, तापात, घरी पाहुणे बसलेले असताना. मग गाडीच्या पत्र्यावर दोन थापा. हा चिखल, हा धूर अंगणात घेऊन त्याला कधी कंटाळा कसा आला नाही, कोण जाणे. मला नुसतं बघूनच यायचा.

बाराव्यानंतर मी फुशारकीने ड्रायव्हरला म्हटलं, "आण वर, मी उभा राहतो." 'येवंदे' हुबेहूब जमलं. 'रव'ला उशीर झाला. उरलेल्या गडग्याचे चिरे धडाधड खाली आले.

"काका, तुमी गाडीत बसा," ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला. "उद्यापासून आपली खालीच बरी."

सुमन ओटीवरून उतरली. "तुमी खंय उभे रवलास? बाबा थंय नाय रवत." तुळशीच्या डावीकडे जमिनीत बसलेला एक चिरा होता, वरून झिजून गुळगुळीत झालेला. ती त्यावर अनवाणी उभी राहिली. तिथून गाडीचा आरसा दिसतो, गडगाही दिसतो... इतकी वर्षं मी आबाकडे बघत होतो, त्याच्या पायांकडे कधी पाहिलंच नाही.

तिने ड्रायव्हरला गाडी पुढे घेऊन पुन्हा मागे आणायला सांगितलं. मग ओरडली, "येवंदे... येवंदे... रव!" गाडी गडग्याच्या हातभर अलीकडे थांबली.

सुमनने पत्र्यावर दोन थापा मारल्या. "उद्या वरच ये रे," ती ड्रायव्हरला म्हणाली आणि पडलेले चिरे बाजूला करू लागली. मी मदतीला वाकलो, तर म्हणाली, "तुमी नको, काका. उरलेलो गडगो तरी रवांदे."