दौंडहून आणलेली गाडी

जाताना एसटी आणि येताना स्वतःची गाडी, असा बेत करून मी शुक्रवारी सकाळी शिरूरहून निघालो. बंडीच्या आतल्या खिशात नोटा, पिशवीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बायकोनं दिलेला नारळ नि पेढ्यांचा पुडा. आमच्यात नवी करवत आणली तरी पेढा वाटतात. ही तर गाडी होती.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, दत्तूची. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ओव्हरटाइम जोरात होता तेव्हा त्यानं पतसंस्थेचं कर्ज काढून ती घेतली. मी टेम्पो हाकून, पाडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या विकून वर आलो. उधारीचा चहाही पीत नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला दत्तू त्या गाडीतून उतरला आणि पाहुण्यांनी मानाची टॉवेल-टोपी त्यालाच दिली. गाडीतून उतरला तोच मुलीचा बाप, असं त्यांनी धरलं. दत्तू नुसता हसला. ते चार वर्षं माझ्या पोटात होतं.

आता ओव्हरटाइम बंद, हप्ते थकलेले. शनिवारी वसुलीवाले गल्लीदेखत गाडी ओढून नेणार होते.

पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी हिरवट, तळाला गेलेलं. एका पांढऱ्या गाडीनं भोंगा वाजवत एसटीला मागं टाकलं, काच खाली झाली आणि गुटख्याची पिचकारी माझ्या बाहीवर आली.

"पुसून टाका मामा," कंडक्टर म्हणाला. "एसीची हवा खराब हुती म्हणून भाईर थुकत्यात."

चौफुल्याला उतरून हॉटेलात चहा सांगितला. मालक म्हणाला, "एका चहावर बाकडं अडवू नका. गाडीवालं गिऱ्हाईक आलंय." भांडण अगदी ओठावर आलं होतं. बाहेर उभ्यानं भाकरी खाल्ली.

पुढं वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप). कुरकुंभ आलं की नाकाला झोंबणारा वास येतो. शेजारचा कामगार म्हणाला, "ह्यो वास हाय तवर पगार हाय, मामा. वास गेला की समजायचं, पिलांट बंद." त्या दिवशी वास कमीच होता.

दौंडला दत्तू ओट्यावर बसला होता. गाडी दारात, धुऊन पुसून ठेवलेली. मी सवयीनं टायरला लाथ मारली, बॉनेट उघडलं. टायर गुळगुळीत, बॅटरी जुनाट, दाराला गंज. म्हटलं, "पन्नास हजार. पतसंस्थेचं मी आत्ताच जाऊन फेडतो, उरेल ते तुझं."

साठपर्यंत चढायची माझी तयारी होती. दत्तूनं चढवायला हवं होतं.

"बरं," तो म्हणाला.

आयुष्यात असा सौदा मी केलेला नाही. समोरचा घासाघीस करीत नाही तेव्हा भीती वाटते. पतसंस्थेत पैसे भरले, कागद घेतले, उरलेले चार हजार त्याच्या हातावर ठेवले. त्याची बायको शालन तेवढं एकच बोलली, "दादा, गल्लीत सांगा, लग्नाला नेताय म्हणून. आमाला हितंच ऱ्हायचंय." मी हो म्हटलं.

किल्ली घेऊन बाहेर आलो तर समोरचे आप्पा, रेल्वेतून रिटायर झालेले, लेंग्यावर उभे.

"काय ओ, धाकट्याची गाडी मागून नेताय व्हय? जपून. घासली तर भरून द्यायला लागंल. तुमाला एसटीची सवय."

माझं डोकं फिरलं. "मागून न्हाई नेत, आप्पा. रोख मोजून घेतलीय." आणि पुडा सोडून त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

दारं उघडली, बायका बाहेर आल्या. पेढा कुणी नाकारत नाही. शालननंही घेतला, पण मुठीत धरून ठेवला. मी नारळ काढला तसे आप्पा म्हणाले, "जुन्या मालकाच्या हातनं फोडा की. शुभ असतंय."

दत्तू ओट्यावरून उतरला. सगळ्या गल्लीसमोर त्यानं चाकापुढं नारळ फोडला, पाणी टायरवर ओतलं आणि आत गेला. मी अडवू शकलो असतो.

येताना चौफुल्याला थांबलो. सकाळचाच मालक खिडकीशी आला, "या साहेब, आत बसा." अंगावर तीच पिचकारीची बाही होती. चहा न घेता निघालो.

घरी बायकोनं चाकावर भाकरतुकडा ओवाळला. "भाऊजी काय म्हणाले?"

"बरं म्हणाला."

भाव मी बरोबरच केला होता, हे आजही म्हणेन. कर्जाच्या गाडीचा हाच शेवट असतो. गाडी चांगली चालते, लग्नाकार्यात लोक दारापर्यंत घ्यायला येतात. पण दौंडला मी एसटीनंच जातो. शालन दार अर्धं उघडते, दत्तू कामावर गेलाय म्हणते. त्याच्या चपला उंबऱ्याशीच असतात.