डेल्फीन मावशीची खापरं

डेल्फीन गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं आणि थोडं थांबून विचारलं, "हे सातारा नेमकं कुठे आलं?" रडता रडता मला हसू फुटलं. ते का, हे सांगायलाच हवं.

ब्याऐंशी साली आम्ही श्रूजबरीत आलो, तेव्हा शेजारी ही कॅरिबियन बेटावरची पुरातत्त्वज्ञ. एरवी कॉलेजात शिकवायची, उन्हाळ्यात बेटावर उत्खनन करायची. तिथल्या जुन्या लोकांनी मागे काही ठेवलंच नाही, असं म्हणणाऱ्यांवर तिचा भारी राग. बेटावर म्युझियम उभारायचं, हा एकच ध्यास. परक्या देशात माझी पहिली मैत्रीण तीच. मुलांची डेल्फीन मावशी. एकदा तिनं आणलेली मातीच्या भांड्यांची खापरं आमच्या सामाईक पोर्चवर पसरून ठेवली आणि ती कॉलेजात गेली. संध्याकाळी मी कामावरून येते तो काय, सगळी खापरं लख्ख! साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई खुशीत म्हणाल्या, "किती करपली होती गं. एकटी बाई, कधी घासणार? मीच टाकली घासून."

शेकडो वर्षांपूर्वी त्यांत काय शिजत होतं, ते त्या काजळीतूनच तर कळणार होतं. डेल्फीन आली, पायरीवर बसली आणि एकेक खापर उलटून पाहू लागली. मैत्री संपली, असंच मी धरून चालले. मग एक तुकडा उचलून ती म्हणाली, "त्यांना विचार, सर्वांत जास्त त्रास कुणी दिला?"

"ह्या सपाटानं," सासूबाई म्हणाल्या. "भाकरीच्या तव्यासारखं चिकटून बसलं होतं मेलं."

मी भाषांतर केलं आणि डेल्फीन पोट धरून हसली. "अगं, तो भाकरीच्या तव्याचाच तुकडा आहे!" वही काढून तिनं सासूबाईंचं नाव लिहून घेतलं. खापर कुणी उकरलं, कुणी वाहिलं, प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर, ही तिची रीत. पुढे म्युझियमसाठी मंत्र्यांशी भांडण्याइतकी मोठी झाली, तरी ती रीत मोडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात काजळीची नवी खापरं आणली, तेव्हा मात्र माझ्याकडून मराठीत पाटी लिहून घेतली: 'घासू नये.'

म्युझियमच्या पहिल्या कपाटात तोच सपाट तुकडा आहे. चिठ्ठीवर शेवटी लिहिलंय, 'घासणारी: सरस्वतीबाई, सातारा.' लोक बेटाच्या नकाशात सातारा शोधतात म्हणे.

सासूबाईंना पत्रानं सगळं कळवलं. उत्तर आलं, 'बाई मोठ्या मनाची होती. आता त्या कपाटाची धूळ कोण पुसतं, ते विचार.'