डावा कोपरा

आमच्या गावचा कबड्डी संघ ओळीने पाच सामने हरला, त्या आठवड्यात मी केस कापायला दत्तूच्या दुकानात गेलो होतो. चढाईला कोण हवं, राखीव पोरांना मैदानात कधी उतरवणार, मंडळाचे पदाधिकारी सत्कार घेण्यापलीकडे काय करतात, असा वाद तिथे रंगात आला होता. माझे अर्धे केस कापून दत्तूही त्यात उतरला.

सगळ्यांत चढा आवाज पांढऱ्या मिशांच्या अण्णांचा होता. "कर्णधाराला चढाईला पाठवणं आधी बंद करा. पाच मिनिटांत दम संपतो त्याचा."

"अण्णा, तुमचाच पोरगा आहे तो," दत्तू म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय. त्याला डाव्या कोपऱ्यात उभा करा. एकदा पाय धरला की सोडत नाही तो."

दुकान दुप्पट जोराने पेटलं. मला वाटलं, ज्या संघावरून मन उडालं, त्याच्यासाठी कुणी असं भांडत नाही. लोक नुसती मान हलवतात आणि विषय बदलतात. इथे तर रविवारचा सामना जिंकायची युक्ती प्रत्येकाकडे होती. शाळा सुटल्यापासून मी कबड्डी पाहिली नव्हती, तरी मी खुर्चीत सरसावून बसलो.

"डाव्या कोपऱ्यात सध्या कोण असतं?" मी न राहवून विचारलं.

"सांगतो," म्हणत अण्णांनी माझी खुर्ची आपल्याकडे फिरवून घेतली.