सुपारीचा झोका, जत्रेचा पाळणा

नातवाने मागे मला एका मोठ्या बागेत नेलं होतं. बाग कसली, सगळं लोखंडच. उंचावर रूळ, त्यावरून खाली डोकं वर पाय करत धावणारी गाडी, आणि आत बसलेल्यांचा आरडाओरडा. माझं वय बघून मला काही बसू दिलं नाही, तेव्हा मी समोरच्या बाकावर बसून उतरणाऱ्यांचे चेहरे बघत राहिले. काहींचे पाय लटपटत होते आणि तोंडभर हसू होतं. बाकीचे मात्र पंगतीत आपल्यापाशी येईपर्यंत जिलबी संपावी तसे चेहरे करून बाहेर पडत होते. आमचा नातू त्यातलाच. "एवढा वेळ रांगेत उभा राहिलो आणि काहीच वाटलं नाही," म्हणाला. का रे, असं विचारलं तर म्हणतो, "आजी, तुला नाही कळणार त्यातलं."

मला नाही कळणार! पोटात गोळा येण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको. ते शिक्षण मी सांडोर गावातल्या आमच्या वाडीत, सुपारीच्या झाडांखाली घेतलं आहे, आणि माझा मास्तर माझा बाप होता. आमच्या घरात बापाला अरे-तुरेच करायचो, म्हणून इथेही तसंच लिहिते. त्यात आदर कमी होता असं कोणी समजू नये.

आमच्या वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या, भाजीचे वाफे होते आणि विहिरीच्या बाजूने सुपारीची रांग होती. बाबा पायात दोरीचा फास अडकवून सुपारीवर चढायचा. कमरेला कोयता. एका झाडाचे घोस उतरवून झाले की तो खाली यायचाच नाही. शेंड्याशी बसून अंग मागेपुढे करायचा. सुपारीचं खोड ते काय, दोन पंजांत मावेल एवढं बारीक. ते डोलायला लागायचं, आधी थोडं, मग जास्त, आणि एका झोक्याला बाबा हात लांबवून शेजारचं झाड धरायचा आणि अलगद तिकडे जायचा. मोकळं झालेलं झाड सळकन मागे फिरायचं. खाली घोस गोळा करता करता माझ्याच पोटात गोळा यायचा. आई वर बघतच नसे. पाठमोरी बसून सुपाऱ्या निवडत राहायची.

असा हा माझा बाप जत्रेतल्या पाळण्याला भ्यायचा.

कार्तिकात आमच्या बाजूला जत्रा भरायची. गावोगावचे लोक यायचे, हिंदू यायचे तसे किरिस्तावही यायचे. पाळणा लाकडाचा, चार पेट्यांचा, हाताने फिरवायचा. एक माणूस खालून रेटायचा आणि दुसरा दांड्यावर चढून, लोंबकळून आपल्या वजनाने तो खाली आणायचा. आसाला तेल कमी असलं की तो असा करकरायचा की अर्धी भीती त्या आवाजानेच वाटायची. मी दहा-अकरा वर्षांची असताना बाबा पहिल्यांदा माझ्याबरोबर बसला. पेटी वर गेली तशी त्याने डोळे मिटले आणि आधाराला माझी वेणीच पकडली. पाळणा खाली झेपावला तेव्हा मी ओरडले ती पोटातल्या गोळ्याने नव्हे, वेणी ओढली गेल्याने. बाबा मात्र पाळणेवाल्याला बोंबलून सांगत होता, "बास! बास! थांबव!" सगळी जत्रा हसली. आईने तर पुढे वर्षभर त्याला सोडलं नाही. भाजीत तिखट कमी पडलं आणि बाबा काही बोलला की ती म्हणायची, "बास, बास, थांबव."

मी मात्र त्याला खरंच विचारलं. एवढ्या उंच झाडावर जातोस, मग या पाळण्याला का भितोस?

"झाडावर झाडाला मी हलवतो," बाबा म्हणाला. "हितं दुसराच कोनी मला हलवतो. त्याला काय म्हाईत माझ्या पोटात काय चाललंय?"

पुढच्या वर्षी मी एकटीच पाळण्यात बसले आणि मला काहीच वाटलं नाही. कुठे वर जाणार, कुठे खाली येणार, सगळं आधीच ठाऊक. पाळणेवालाही लबाड. ज्या पेटीतून किंकाळ्या येतील त्या पेटीसाठी जोर लावायचा. मी गप्प बसले, तर माझ्या वाट्याला नुसतं हेलकावणं आलं. समोरच्या पेटीत अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या दोन मुली होत्या. त्या शेव खात खात वरखाली होत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "यापरीस बाबाची होडी बरी. लाट आली का आपुन गेलोच समज." मला त्यांचा फार हेवा वाटला. त्यांच्या बापाने त्यांना होडीत नेलं होतं. माझा बाप मला झाडावर नेत नव्हता.

मग मी हट्ट धरला. आई म्हणाली, पोरीच्या जातीला हे काय सुचतंय. बाबाने आधी नुसती नाही म्हणून मान हलवली. मी रोज मागे लागले, जेवणावरून उठले, शेवटी रडलेसुद्धा. तेव्हा तो मला विहिरीकडे घेऊन गेला आणि खाली बसून म्हणाला, "पोरगी हायस म्हनून नको बोलत नाय मी. या झाडावरून त्या झाडावर जाताना एक हात सुटलेला असतो आनि दुसरा अजून बसलेला नसतो. तेवढ्या वेळात मीपन भितो. रोज भितो."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मला वाटत होतं की बाबाला वर भीती ठाऊकच नाही.

तरी एक दिवस, आई बाजाराला गेलेली असताना, त्याने मला नेलं. विहिरीजवळ एक कोवळी, ठेंगणी सुपारी होती. शेंड्यावरून टाकलेल्या दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधून दुसरं त्याने आपल्या हाताला गुंडाळलं आणि मला वर चढवलं. "आता हलव ना," मी वरून ओरडले.

"मी नाय हलवनार. तूच हलव."

मी अंग मागे टाकलं. काही झालं नाही. पुन्हा टाकलं. मग झाडाने मला हळूच मागे नेलं, पुढे आणलं, आणि माझ्या ध्यानात आलं की हे मी करते आहे आणि तरीही आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही. शेजारचं झाड जवळ यायचं, लांब जायचं. बाबाने सांगितलं होतं, धरायचं नाही, नुसतं शिवायचं. एका झोक्याला मी हात सोडला. बोटांना खोड लागलं, खरखरीत आणि गार, आणि मी परत फिरले. तो गोळा मला अजून आठवतो. खाली उतरले तर बाबाचा दोर गुंडाळलेला हात लाल झाला होता. मी आनंदाने रडत होते आणि तो घाम पुसत होता. आईला आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. उंचीला काही अर्थ नाही आणि वेगालाही नाही. एक हात सुटलाय आणि दुसरा बसलेला नाही, तेवढ्या क्षणासाठी सगळा खटाटोप असतो, आणि खाली दोर धरून कोणीतरी असेल तरच त्याची मजा येते. नातवाच्या गाडीत पट्टे सगळे होते. तो बिचारा एकटाच बसला होता.

पुढे माझं लग्न ठरलं ते चंदनसारला. आगगाडीच्या रुळांपलीकडे भातशेतीचा गाव. ना वाडी, ना सुपारी. सासरची माणसं मी एकदाच पाहिली होती. तुळशीची लग्नं आटोपली आणि माझं लग्न अगदी तोंडावर आलं तेव्हा नेहमीसारखी जत्रा भरली. मी बाबाला म्हटलं, एकदा बस माझ्याबरोबर. तो नाही म्हणेल असंच मला वाटलं होतं. तो सरळ पेटीत येऊन बसला.

पाळणा फिरू लागला. वर गेल्यावर मी बघितलं तर त्याचे डोळे उघडे होते. तो आमच्या वाडीच्या दिशेने बघत होता. तिथून सुपाऱ्यांचे शेंडे तेवढे दिसत होते.

"भ्या वाटतंय?" त्याने विचारलं. पाळण्याबद्दल विचारत नव्हता, ते मला कळलं.

"हो," मी म्हटलं.

"मलापन."

आम्ही खाली झेपावलो. मी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. पाळणेवाला जुनाच होता आणि त्याने बाबाला ओळखलं होतं. फेरे संपत आले तसा तो हसत ओरडला, "काय, थांबवू का?"

बाबा मोठ्याने म्हणाला, "नको. चालू दे."