चौथी शेगडी

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी. मी अधिकारी नव्हते, जालन्याच्या एका ठाण्यात झाडलोट करायचे. महिला शिपाई नसल्याने बाईची चौकशी असली की साहेब मला शेजारी बसवायचे. त्यातली एक घटना अजून डोक्यातून जात नाही.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. छावणीच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या विटांच्या बंगल्यात तेव्हा गोदाम होतं. तिथेच आईसोबत राहणाऱ्या चौकीदाराची बायको आठ दिवसांपासून बेपत्ता होती. मिसिंगची नोंद झाली, खोल्या पाहिल्या, विहीर पाहिली. सासू म्हणायची, पळून गेली.

नवव्या दिवशी सकाळी त्या बेपत्ता मुलीची आई मंठ्याहून आली. आधी बंगल्यावर गेली, मग ठाण्यात. पाणी देताना मला तिच्या पाठीवर पांढरं दिसलं.

“मावशी, चुना कुठं लागला?”

“विहीणबाईनं भितीला टेकून बसवलं, चहा दिला. पोरीचं मातर काई सांगंना.”

लग्नाआधी मी गवंड्याच्या हाताखाली त्याच बंगल्याच्या दुरुस्तीला होते. दोन हात जाड भिंती, आतून उघड्या लाल विटा. चारही खोल्यांत भिंतीतच शेगडी, वर धुराडं. चुना कुठेच मारलेला नव्हता. आणि अंगाला लागतो तो डिंक न घालता घाईत मारलेला चुना. बोलायची मला फार लाज, तरी साहेबांना सांगितलं.

“आता तपास तूच कर बाई, मी झाडू मारतो,” ते हसले. पण सासूला बोलावलं.

“चुना का मारला?”

“सणासाठी, साहेब.”

“एकाच भिंतीला?”

“धुराड्यात कबुतर मेल्तं. वास येऊन राह्यल्ता.”

“मंग त्या खोलीतली शेगडी कुठाय? धुराड्याखाली टेकायला भित कशी आली?” मी मधेच विचारलं.

साहेब उठले, आम्ही सगळे बंगल्यावर गेलो.

पंचांसमक्ष मोजलं. छपरावर चार धुराडी, आत तीन शेगड्या. चुन्यामागच्या नव्या विटा काढल्या तेव्हा मुलगी सापडली, गुडघे पोटाशी घेतलेली. नवऱ्याने कबूल केलं. मारताना तिचं डोकं आपटलं, मग विटा त्याच्या आईनेच हातात दिल्या.

तेव्हापासून सून पळून गेली असं कोणी सांगितलं, की मी आधी त्या घराच्या भिंती बघते.

चौकशीत खोटं बोलणाऱ्यांचा मला फार राग यायचा. त्या दिवशी मुलीच्या आईला आत येऊ दिलं नव्हतं. तिने विचारलं, “मी टेकल्ते, तीच भित का?”



“न्हाई मावशी,” मी म्हणाले, “ती मागच्या खोलीतली.”

मग तिला सावरायच्या निमित्ताने मागे गेले आणि पाठीवरचा चुना माझ्या पदराने पुसून काढला.